अर्धवट बाथरूममध्ये गटारीचा वास येतो? पहिले पाइपाची तोंडं बघा

आमच्या यवतमाळकडे घर एका दमात होत नाही. घरकुलाचा हप्ता आला की भिंती, कापूस विकला की स्लॅब, टाइल्स पुढल्या साली. तोवर संडास सुरू झालेला असतो, पण बेसिनचा अन् वॉशिंग मशीनचा पाइप भिंतीतून नुसता तोंड काढून उभा. मग मला फोन येतो, "भाऊ, फिनाइल टाकून थकलो." फिनाइलनं काय होणार? टाकीत मैला सडतो, त्याचा सडक्या अंड्यासारखा वास उघड्या तोंडानं घरात शिरतो.

प्रत्येक उघड्या तोंडावर पन्नी लावून रबरानं घट्ट बांधा अन् कोणाला तरी संडासात बादलीभर पाणी एकदम ओतायला सांगा. पन्नी फुगली की समजा, मधात ट्रॅप, म्हणजे पाणी धरून गॅस अडवणारा वाकडा भाग, नाही. नाही फुगली तरी तोंड बंद करायचंच. काडी किंवा अगरबत्ती लावून तपासू नका. त्या गॅसात मिथेन राहते, पेट घेते.

चिंध्या अन् सिमेंटच्या थैलीचे बोळे कोंबू नका, त्यातून गॅस येतोच. हार्डवेअरमधून पाइपाच्या मापाची एंड कॅप आणा. रबर रिंगवाली मिळाली तर उत्तम, बेसिन बसवताना हातानं निघते. सोल्युशननं चिकटवली की पाइपच कापावा लागतो.

आता न्हाणीतली जाळी उचला अन् मोबाइलचा टॉर्च मारा. खाली पाणी चमकलं पाहिजे, निदान दोन इंच. तेच पाणी गॅस अडवते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, वापर नसलेला ट्रॅप तेव्हा कोरडा पडतो. आठवड्यातून तांब्याभर पाणी टाकत जा. लग्नसराईत गावाला जायचं असेल तर त्या पाण्यावर दोन चमचे खायचं तेल सोडा, पाणी लवकर उडत नाही. काही ठिकाणी जाळीखाली ट्रॅपच नसतो, मिस्त्रीनं नुसता एल्बो, म्हणजे पाणी न धरणारा वळणाचा जोड, बसवलेला असतो. तिथं दुसरा इलाज नाही, फरशी फोडा. टाइल्स लागायच्या आधी फोडली तर खर्च कमी.

संडासात पाणी टाकल्यावर न्हाणीत गुडगुड वाजते का? लाइनीला हवा मिळत नाही, म्हणून ती ट्रॅपमधलं पाणी ओढून घेते. टाकीवर हवेचा पाइप असलाच पाहिजे, स्लॅबच्या वर पुरुषभर उंच, तोंडाला मच्छरजाळी. वरच्या मजल्यासाठी काढून ठेवलेला चार इंची पाइप कधी कधी हेच काम करत असतो. तोंडं बंद करायच्या झपाट्यात त्यालाही कॅप ठोकू नका; उंच करा अन् जाळी लावा. दोन शोषखड्ड्यांच्या संडासाला मात्र हा पाइप लागत नाही, तिथला गॅस मातीत जिरतो.

एवढं करूनही वास राहिला तर टाकीच्या झाकणाची फट सिमेंटनं बुजवा. झाकण उघडून वाकून बघायचं नाही अन् माणूस तर उतरवायचाच नाही. हा गॅस जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होते अन् माणूस आतच कोसळतो. टाकी भरली असेल तर तालुक्यातून उपसायची गाडी बोलवा.