आवडीची सिंगल माल्ट कशी निवडावी

सिंगल माल्ट व्हिस्कीची पहिली बाटली बहुतेक जण तिच्यावरील वयाचा आकडा पाहून घेतात, आणि निवड फसण्याची सुरुवात तिथेच होते. १२ किंवा १८ हा आकडा एवढेच सांगतो की, बाटलीत एकत्र आलेल्या व्हिस्कींपैकी सर्वांत कोवळ्या व्हिस्कीनेही ओकच्या पिंपात किमान तितकी वर्षे काढली आहेत. ते पिंप आधी कशासाठी वापरले होते, कितव्यांदा भरले होते आणि बार्ली वाळवताना तिला पीटचा, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेल्या जळणाचा, धूर दिला होता की नाही, याचा त्या आकड्यावरून काहीच पत्ता लागत नाही. चव मात्र प्रामुख्याने याच गोष्टींवर ठरते.

‘सिंगल’ या शब्दाचा अर्थ एका पिंपातली असा नसून एकाच डिस्टिलरीत तयार झालेली असा आहे, आणि ‘माल्ट’ म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. स्कॉटलंडच्या नियमांनुसार ही व्हिस्की ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरावी लागते आणि बाटलीत भरताना तिच्यातील अल्कोहोल ४० टक्क्यांपेक्षा कमी असून चालत नाही.

आपली आवड शोधताना प्रथम दोनच प्रश्न स्वतःला विचारावेत: धूर आवडतो का, आणि कोणत्या पिंपाची चव आवडते? अमेरिकेत बूर्बन, म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनणारी तिथली व्हिस्की, नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. त्यामुळे एकदा वापरलेली ती पिंपे मोठ्या संख्येने स्कॉटलंडला येतात आणि व्हिस्कीला व्हॅनिला, मध, नारळ अशा छटा देतात. शेरी ही स्पॅनिश वाइन मुरलेल्या पिंपांतून मनुका, सुके अंजीर, अक्रोड आणि गरम मसाल्याकडे झुकणारी चव येते. पीटच्या धुराचे जग याहून निराळे आहे. लफ्रॉइग या धुरकट स्कॉच व्हिस्कीचा ग्लास प्रथमच नाकाशी नेणाऱ्याला दवाखान्यातील आयोडिन, ओली राख आणि समुद्राकाठचे शेवाळ आठवते. कुणी तो तत्काळ खाली ठेवतो, तर कुणाला तोच वास कायमचा वेड लावतो.

म्हणून माझा आग्रह असा की, एक बाटली विकत घेऊन तिच्याशी जुळवून घेण्याऐवजी तीन भिन्न स्वभावांच्या व्हिस्की शेजारी शेजारी ठेवून चाखाव्यात. बूर्बनच्या पिंपांतील ग्लेनमॉरंजी ओरिजिनल, शेरीच्या पिंपांसाठी ओळखली जाणारी ग्लेनफार्क्लास आणि धुरासाठी लफ्रॉइग, हे त्रिकूट या कामाला उत्तम आहे. प्रत्येकी १५ मिलिलिटर पुरेसे होते, कारण तिसऱ्या-चौथ्या ग्लासानंतर नाक आणि जीभ दोन्ही थकतात आणि तिथून पुढचा निर्णय आपला राहत नाही. धुराची व्हिस्की नेहमी शेवटी घ्यावी, कारण तिच्यानंतर नाजूक चवी जाणवतच नाहीत.

ग्लास तोंडाशी निमुळता असावा. नाक आत खुपसण्याऐवजी ओठ किंचित उघडे ठेवून हलकेच वास घ्यावा. अल्कोहोलचा झणका कमी होतो आणि फळांचे, लाकडाचे वास सुटे सुटे कळू लागतात. पहिला घोट तसाच, पाण्याशिवाय घ्यावा. मग चमच्याने दोन-तीन थेंब पाणी सोडून ग्लास उजेडात धरला, तर व्हिस्कीत तेलकट रेषा वळवळत विरघळताना दिसतात. पाण्याने अल्कोहोलचे प्रमाण उतरले की काही व्हिस्की खुलतात, तर काही विस्कटतात. दोन-दोन थेंबांनी पुढे जात प्रत्येक टप्प्याला पुन्हा चाखले की, कोणती व्हिस्की किती पाण्यात आपल्याला भावते हे स्वतःलाच उमगते, आणि हे ज्ञान दुसऱ्या कुणाच्या शिफारशीतून मिळत नाही. बर्फ मात्र या वेळी टाळावा, कारण थंडीने वास दबतो.

प्रदेशाच्या नावावर विसंबणेही धोक्याचे आहे. स्कॉटलंडचे आयला बेट धुरकट व्हिस्कीसाठी प्रसिद्ध असले तरी तिथल्याच बुनाहाव्हन डिस्टिलरीची नेहमीची १२ वर्षांची व्हिस्की धुराविना बनते. उलट स्कॉटलंडच्याच स्काय बेटावरची टॅलिस्कर व्हिस्की नियमांच्या दृष्टीने हायलँड प्रदेशात मोडत असूनही धुरकट असते. रंगावर तर मुळीच जाऊ नये, कारण स्कॉच व्हिस्कीत रंगासाठी कॅरॅमल मिसळण्याची मुभा आहे. ४६ टक्के किंवा अधिक अल्कोहोल असलेली आणि थंड करून गाळलेली नाही असे स्पष्ट लिहिलेली बाटली मिळाली, तर तिला मी प्राधान्य देतो. पाणी घातल्यावर ती कधी किंचित गढूळ झाली तरी तो दोष नसून, जिभेवर जाडी देणारे घटक तिच्यात शिल्लक असल्याची ती खूण आहे.

प्रत्येक ग्लासासाठी वास, चव आणि घोट गिळल्यावर मागे राहणारी चव अशा तीन ओळी वहीत लिहाव्यात, त्याही स्वतःच्या शब्दांत: कापूर, ओले लाकूड, जुनी चामड्याची पिशवी, जे आठवेल ते. निर्णय एका बैठकीत करू नये. आठवड्याभराने तेच तीन ग्लास ओळख न कळता, कुणाकडून तरी क्रम बदलवून घ्यावेत आणि नव्या नोंदी जुन्यांशी ताडून पाहाव्यात. ग्लास मात्र रात्रीच धुऊन ठेवू नयेत. सकाळी त्या कोरड्या ग्लासांचा वास घेतला, तर अल्कोहोल उडून गेलेले असते आणि एकात विझलेल्या चुलीची राख, दुसऱ्यात मनुका, तिसऱ्यात मध असे काहीसे तळाशी उरलेले असते. ज्या ग्लासाकडे हात आपोआप दुसऱ्यांदा जातो, त्याच व्हिस्कीची पूर्ण बाटली घ्यावी.