न जुळणारा ठिपका पुसू नका: किडनी बायोप्सीची मोजणी आणि क्रिएटिनिन

सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) द्यायचे दिवस आले की एखादी तरी रेसिडेंट माझ्या टेबलाशी येऊन विचारते, "मॅडम, बायोप्सीतलं फायब्रोसिस इमेजवर मोजायचं आणि क्रिएटिनिनशी ताडून बघायचं, घेऊ का विषय?" घे, म्हणते मी. विषय चांगला आहे. फायब्रोसिस म्हणजे किडनीत व्रणासारखे साचलेले तंतू, आणि क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ; किडनी मंदावली की तो रक्तात चढतो. आजार ग्लोमेरुलसचा (रक्त गाळणाऱ्या बारीक गुच्छाचा) असला तरी किडनीचं काम किती उरलंय हे भोवतालच्या ट्यूब्यूल (गाळलेलं पाणी वाहणाऱ्या नळ्या) आणि इंटरस्टिशियममध्ये (त्या नळ्यांमधल्या जागेत) जास्त नीट कळतं. रिस्डन, स्लोपर आणि डी वॉर्डनर यांनी 1968 साली 'लॅन्सेट'मध्ये हे मांडलं आणि नंतरच्या अभ्यासांतही ते पुन्हा पुन्हा दिसलं. पण मोजणी आणि रक्त यांची गाठ घालताना व्हायच्या त्या बहुतेक चुका माझ्या हातून झालेल्या आहेत. तुमच्या हातून त्या होऊ नयेत म्हणून हे लिहिते.

आधी रक्ताचे कागद हातात घ्या, स्लाइड नंतर. बायोप्सीच्या दिवसाचं क्रिएटिनिन हवं. ते नसेल तर सगळ्यांत जवळच्या तारखेचं घ्या आणि मध्ये किती दिवस गेले त्याचा वेगळा रकाना ठेवा. आदल्या आठवड्यातला एखादा आकडाही लिहून घ्या, कारण क्रिएटिनिन स्थिर होतं की धावत होतं हे एका आकड्यावरून कळत नाही. धावत असेल तर त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, खोटा. डायलिसिस सुरू झालेल्या पेशंटचं क्रिएटिनिन मशीनने उतरवलेलं असतं, त्याला या गणितात घेऊ नका. तपासणी जॅफे पद्धतीने झाली की एन्झाइमॅटिक, हे लॅबला विचारा. जॅफेत किटोन आणि काही सेफॅलोस्पोरिन अँटिबायोटिकमुळे आकडा उगाच चढतो, कावीळ असेल तर उतरतो. बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट मायक्रोमोलमध्ये असला तर 88.4 ने भागा, म्हणजे आकडा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये येतो; पुढचे सगळे आकडे त्यातच आहेत.

नुसतं क्रिएटिनिन फायब्रोसिससमोर मांडू नका. 60 वर्षांच्या बाईचं 1.3 आणि 25 वर्षांच्या पोराचं 1.3, दोन्ही कागदावर सारखेच दिसतात. ईजीएफआर काढायच्या 2021 च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात घाला: बाईंचा ईजीएफआर साधारण 47 येतो, पोराचा 78. शिवाय हे नातं सरळ रेषेतलं नाही. चाळिशीच्या पुरुषाचं क्रिएटिनिन 1 वरून 2 झालं तर ईजीएफआर 98 वरून 42 वर घसरतो. तेच 5 वरून 6 झालं तर 14 वरून 11 वर. वाढ एकाच आकड्याची, पण पहिल्या वेळी निम्म्याहून जास्त किडनी गेली. म्हणून ईजीएफआर घ्या, आणि क्रिएटिनिनच लागणार असेल तर त्याचा लॉग घ्या.

आता स्लाइड. सेक्शन, म्हणजे बायोप्सीचे काप, 2 ते 3 मायक्रॉनचे हवेत. ट्रायक्रोम हा स्टेन फायब्रोसिस निळं दाखवतो; जाड सेक्शनवर त्याचा निळा रंग जास्त धरतो आणि फायब्रोसिस उगाच वाढलेलं दिसतं. शक्य असेल तर सगळ्या केसेस एकाच बॅचमध्ये रंगवून घ्या. टेक्निशियनना आधी भेटा, कशासाठी हवंय ते नीट समजावून सांगा. रंगाची एकसारखी पातळी राखणं हे त्यांच्या हातात असतं आणि ते मनापासून करतात.

फोटो काढण्याआधी व्हाइट बॅलन्स आणि दिव्याची पातळी ठरवा, वहीत लिहा आणि मग त्याला हात लावू नका. माझ्या पहिल्या प्रयत्नात एकाच स्लाइडवर सोमवारी 18 टक्के फायब्रोसिस आलं आणि गुरुवारी 29. स्लाइड तीच, सॉफ्टवेअर तेच, थ्रेशोल्ड (किती निळं म्हणजे फायब्रोसिस ती मर्यादा) तोच. मधल्या दिवशी कुणीतरी मायक्रोस्कोपचा दिवा वाढवला होता, आणि मी बघितलं नव्हतं. तोवर मोजलेल्या केसेस मी पहिल्यापासून मोजल्या.

स्केलही तितकीच महत्त्वाची. स्टेज मायक्रोमीटर (बारीक पट्टी कोरलेली काच) ठेवा, त्यावर 1 मिलिमीटरचे 100 भाग असतात, म्हणजे एक भाग 10 मायक्रॉन. प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी पिक्सेलचं गणित वेगळं काढा, आणि कॅमेऱ्याचा ॲडॅप्टर बदलला तर पुन्हा काढा. लांबीत 10 टक्के चूक झाली तर क्षेत्रफळात 21 टक्के होते. ग्लोमेरुलसचा आकार मोजणाऱ्यांना हे फार महागात पडतं.

मोजायचं कॉर्टेक्समध्येच, म्हणजे किडनीच्या बाहेरच्या थरात. सुईने काढलेल्या कोअरचा कुठला तुकडा मेड्युलाचा (आतल्या थराचा) आहे ते कमी पॉवरवर आधी बघून घ्या. कॅप्सूलखालचा व्रण, मोठ्या रक्तवाहिनीभोवतीचं नेहमीचं कोलॅजन आणि सेक्शनची घडी बाजूला काढा. ग्लोमेरुलस भाजकात, म्हणजे एकूण क्षेत्रात, धरायचा की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. मी वगळते. तुम्ही काहीही ठरवा, पण पहिल्या केसच्या आधी ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

सॉफ्टवेअर म्हणून क्यूपाथ किंवा इमेजजे, दोन्ही फुकट आहेत. रंग वेगळे करून निळा भाग आपोआप मोजता येतो, आणि ते मोहात पाडतं. तरी पहिल्या 20 केसेस तरी ग्रिडवर ठिपके मोजून करा, असा माझा आग्रह आहे. चित्रावर ठिपक्यांची जाळी टाकायची आणि किती ठिपके फायब्रोसिसवर पडले ते मोजायचे. कॉर्टेक्सवर 1000 ठिपके पडले, त्यातले 240 फायब्रोसिसवर, म्हणजे 24 टक्के. यामागचं तत्त्व दलेस या फ्रेंच भूवैज्ञानिकाने 1847 मध्ये खडकातली खनिजं मोजताना मांडलं होतं. हाताने मोजलं की डोळ्याला कळतं की हा निळा रंग खरंच फायब्रोसिस आहे, की ट्यूब्यूलचं नेहमीचं बेसमेंट मेम्ब्रेन (भोवतीचा पातळ पडदा) आहे, की नुसती सूज आहे. सुजेने इंटरस्टिशियम रुंद होतो, पण तिथे रंग फिका आणि विरळ असतो. मशीनला हा फरक शिकवावा लागतो, आणि शिकवणाऱ्याला तो आधी स्वतः दिसायला हवा. ट्यूब्यूलची झीज मात्र पीएएस या दुसऱ्या स्टेनवर बघा, जाड झालेलं बेसमेंट मेम्ब्रेन तिथे ठळक दिसतं.

ग्लोमेरुलसची टक्केवारी देताना किती ग्लोमेरुलस मिळाले ते शेजारी लिहा. 10 पैकी 2 स्क्लेरोज्ड (घट्ट होऊन निकामी झालेले) म्हणजे 20 टक्के खरे, पण त्याची 95 टक्क्यांची विश्वासमर्यादा (खरा आकडा असू शकेल तो पट्टा) साधारण 3 ते 56 इतकी पसरते. बायोप्सी म्हणजे सुईएवढा तुकडा, हे विसरून चालत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते: मोजताना रिक्विझिशन फॉर्म (बायोप्सीसोबत येणारा पेशंटच्या माहितीचा कागद) झाकून ठेवा. फॉर्मवर क्रिएटिनिन 6 वाचलं की कडेचा शंकास्पद ठिपका आपण फायब्रोसिसमध्ये टाकतो. मी टाकलेला आहे. आता आमच्याकडे स्लाइडवर नुसता कोड क्रमांक असतो आणि रक्ताची यादी दुसऱ्याच रेसिडेंटच्या कपाटात. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आणि दोन आठवड्यांनी काही केसेस पुन्हा मोजायच्या. दोघांच्या आकड्यांत चांगला सहसंबंध आला म्हणून ते जुळले असं होत नाही. एक जण कायम 10 ने जास्त मोजत असेल तरी सहसंबंध उत्तमच येईल. फरकाचा आलेख काढा.

संख्याशास्त्राच्या सरांकडे जाण्याआधी कागदावर स्वतः ठिपके मांडून बघा: आडव्या अक्षावर फायब्रोसिस, उभ्यावर ईजीएफआर. बहुधा स्पिअरमन (क्रमांकांवरून काढलेला सहसंबंध) लागेल. एका पेशंटचे 12 ग्लोमेरुलस म्हणजे 12 नमुने नव्हेत, नमुना एकच, पेशंट. वयाकडेही लक्ष द्या: वयाबरोबर फायब्रोसिस वाढतं आणि ईजीएफआरच्या सूत्रात वय आधीच बसलेलं असतं, त्यामुळे थोडं नातं आपोआपच दिसेल. ल्युपस, आयजीए आणि डायबेटिस हे किडनी बिघडवणारे वेगवेगळे आजार, त्यांचे ठिपके एकाच रंगात मांडू नका.

आणि मग रेषेपासून लांब पडलेले ठिपके. "मॅडम, हे आउटलायर काढून टाकू?" असं विचारतात तेव्हा मी पेन हातातून काढून घेते. त्या प्रत्येकाची फाइल मागवायची. एकदा असाच एक ठिपका होता, फायब्रोसिस 8 टक्के आणि क्रिएटिनिन 5.8. स्लाइड पुन्हा लावली तर इंटरस्टिशियम सुजलेला, लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल या दाहाच्या पेशी खच्चून भरलेल्या. गुडघेदुखीसाठी तो माणूस रोज वेदनाशामक गोळ्या घेत होता. गोळ्या बंद झाल्या, स्टेरॉइड दिले, दोन महिन्यांनी क्रिएटिनिन 1.4. किडनी बंद पडली होती, पण मेलेली नव्हती, आणि स्लाइड तेच सांगत होती.

दुसरा ठिपका उलट्या बाजूला. क्रिएटिनिन 1.1, फायब्रोसिस 35 टक्के. ऊसतोडणीला जाणारी बाई, वजन 38 किलो. अंगावर मांसच नाही तर क्रिएटिनिन येणार कुठून? ईजीएफआरही तिथे फसवतो, कारण सूत्राला वय आणि लिंग कळतं, स्नायू कळत नाही. मी वॉर्डात फोन करून सिस्टॅटिन सी, म्हणजे स्नायूंवर फारशी न विसंबणारी किडनीची रक्ततपासणी, करायला सांगितलं. रिपोर्ट आला तेव्हा ती गावी जायच्या गाडीची वाट बघत बाहेर बसली होती. नेफ्रॉलॉजीच्या रेसिडेंटने धावत जाऊन तिला परत आणलं.