हार्ड सेल्ट्झरचे स्वाद पारखताना

अमेरिकेत मिळणाऱ्या व्हाइट क्लॉ किंवा ट्रूली यांसारख्या हार्ड सेल्ट्झरच्या, म्हणजे फळांचा स्वाद दिलेल्या अल्कोहोलयुक्त फेसाळ पाण्याच्या, स्वादांची तुलना करायची असेल, तर ही पेये थेट कॅनमधून पिऊ नयेत. फळाचा स्वाद मुख्यतः गंधातून कळतो आणि कॅनच्या लहानशा तोंडातून तो नाकापर्यंत पुरेसा पोहोचत नाही. एकसारख्या पेल्यांत दोन-दोन घोट ओतावेत आणि कोणता पेला कशाचा हे चाखणाऱ्याला सांगू नये, कारण नाव कळले की जीभ तोच स्वाद शोधू लागते. फ्रिजमधून काढल्यावर दहा मिनिटे थांबणे मला आवश्यक वाटते, कारण अतिथंड पेयात गंध आणि गोडी दोन्ही दबतात. ओतणाऱ्याने लिंबापासून सुरुवात करून ग्रेपफ्रूट आणि शेवटी ब्लॅक चेरी व आंबा असा क्रम ठेवावा. आंब्याची पारख करताना आपण मराठी माणसांनी हापूस मनातून बाजूला ठेवावा. अगदी कमी साखरेच्या या फेसाळ पेयात आमरसाचा दाटपणा येऊच शकत नाही, त्यामुळे तुलना दुसऱ्या कंपनीच्या आंब्याच्या सेल्ट्झरशीच करणे न्याय्य ठरते. मधूनमधून साधे पाणी प्यावे. ३५५ मिलिलिटरच्या अशा कॅनमध्ये साधारण ५ टक्के अल्कोहोल असते, म्हणून घोट लहान ठेवावेत आणि नंतर गाडी चालवू नये.