दिवाडीवरचं ‘फुल्ली रिनोव्हेटेड’ जुनं घर घ्यायचंय? आधी जुलैत जाऊन या

दर दोन-तीन महिन्यांनी पुण्याहून नाहीतर ठाण्याहून कोणाचा तरी मेसेज येतो, सोबत दहा-बारा फोटो, पिवळी भिंत, खिडकीला पांढरी पट्टी, बल्कावात (दारासमोरच्या बसायच्या ओट्यावर) झोपलेलं मांजर, आणि खाली ‘दिवाडी आयलंड, शंभर वर्षं जुनं पोर्तुगीज घर, फुल्ली रिनोव्हेटेड, घेऊ का?’ आता फोटोवरून मी काय सांगणार. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय, पुढच्या माणसाला हेच पाठवीन. मी मूळचा कुडाळचा, गोव्यात जुन्या घरांच्या रिपेअरिंगची कामं करतो, वकील नाही. त्यामुळे भिंती-कौलांबद्दल जे सांगतोय ते हाताने केलेलं आहे आणि कागदांबद्दल जे सांगतोय ते गिऱ्हाइकांचं बघून शिकलेलं आहे, तेवढा फरक लक्षात ठेवा.

आणि ते ‘पोर्तुगीज घर’ म्हणणं आधी सोडा. बहुतेक घरं इथल्याच लोकांनी, इथल्याच गवंड्या-सुतारांनी, इथल्याच चिऱ्यात बांधलेली आहेत, स्टाइल तिकडची असेल. ही दिवाडी, म्हणजे गोव्यातलं मांडवी नदीतलं बेट, तर आपल्याला लांबची पण नाही, सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ याच बेटावर होतं, ते पाडल्यावर देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला गेला आणि तिथलं देऊळ १६६८ साली शिवाजी महाराजांनी पुन्हा बांधायला लावलं.

तर मुद्दा. पडकं घर घेणं एका अर्थी सोपं असतं, काय काय मेलंय ते समोर दिसतं, हिशोब लावता येतो. रिनोव्हेटेड घरात तेच सगळं पुट्टीच्या आत असू शकतं, आणि ते बाहेर यायला फक्त एक पावसाळा लागतो. इथे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणून घर डिसेंबरात आवडलं तरी जुलैत परत जाऊन बघायचं, विकणारा म्हणेल तोपर्यंत दुसरा गिऱ्हाईक घेईल, घेऊ दे. जुलैपर्यंत थांबणं जमणारच नसेल तर निदान सकाळी लवकर जा, घर बंद असतानाच कुलूप उघडायला लावा आणि पहिला श्वास आत जाऊन घ्या. आधीच खिडक्या उघडून, अगरबत्ती नाहीतर रूम फ्रेशनर मारून ठेवला असेल तर समजून जा.

भिंतीपासून सुरू करू, कारण निम्म्या भानगडी तिथेच असतात. आपल्याकडे ज्याला जांभा म्हणतात तो इथे चिरा. तो सच्छिद्र दगड आहे, पाणी पितो आणि परत सोडतो. जुन्या लोकांनी त्याच्यावर चुन्याचा गिलावा केला, चुना पण तसाच, पाणी अडवून धरत नाही, म्हणजे पावसाळ्यात भिंत ओली झाली की दिवाळीपर्यंत आपोआप वाळायची, दरवर्षी चुना मारला की काम झालं. आता काय होतं, कॉन्ट्रॅक्टर तो चुना खरवडून काढतो, वर सिमेंटचा प्लास्टर, वर पुट्टी, वर चकचकीत इमल्शन. पाणी जमिनीतून चढायचं ते चढतंच, बाहेर पडायची वाट मात्र बंद. मग ते वर वर सरकत जातं, दोन फुटांवरची ओल चार फुटांवर जाते, आणि त्यातच हे बेट, चारी बाजूंनी भरती-ओहोटीचं पाणी, जमिनीत क्षार आहेतच, ते मीठ रंगाच्या मागे येऊन बसतं आणि फुगे धरतात. यालाच लोणा लागणं म्हणतात, आणि लोणा लागलेल्या भिंतीवर दरवर्षी रंग मारणं म्हणजे दरवर्षी पैसे जाळणं.

मग बघायचं कसं? बोटांच्या पेरांनी भिंत वाजवत चला, जमिनीपासून छातीपर्यंत, जिथे पोकळ आवाज येईल तिथे प्लास्टर सुटलंय. कपाटाच्या आत, जिन्याखाली, मीटरच्या बोर्डाच्या मागे, जिथे कोणी नीट फिनिशिंग करत नाही तिथे मालकाला विचारून किल्लीने थोडं खरवडा. पावडर पडली तर चुना, किल्लीच घासली गेली तर सिमेंट. खालच्या चार फुटांना लाकडी पॅनेल नाहीतर टाइल लावलेली असेल तर ‘छान दिसतंय’ म्हणायच्या आधी विचारा की हे का लावलंय. बाहेरून बघायला विसरू नका, बाहेर चुना आणि आत सिमेंट असंही असतं आणि उलटंही.

आता एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. बल्कावाच्या पायऱ्या मोजा. जुन्या घराचं जोतं उंच असतं, उगाच नाही, पाण्यापासून लांब राहायला. रिनोव्हेशनमध्ये अंगणात भराव टाकून पेव्हर ब्लॉक बसवतात, गाडी फिरायला बरं पडतं, आणि जोतं फूटभर गाडलं जातं. सगळ्यात खालची पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी दिसली की अंगण वर आलंय. मी एक घर असं पाहिलं की पाच पायऱ्यांच्या साडेतीन उरल्या होत्या, आणि पागोळ्यांचं पाणी ब्लॉकवर आपटून थेट भिंतीवर उडत होतं, एका पावसात दीड फुटापर्यंत हिरवं. घरमालक बिचारा चांगला माणूस, त्याला स्वतःलाच कळलं नव्हतं की ही ओल त्यानेच पैसे देऊन आणलीय. ब्लॉक उखडून, माती काढून, भिंतीलगत खडीचा चर केला तर हे सुधारतं, पण तो खर्च किमतीतून वजा करून घ्यायचा.

छप्पर. वर मंगळुरी कौलं, त्याखाली रीपा, वासे, आढं. पूर्वी वासे-तुळयांना फणस, साग, माटी (म्हणजे ऐन) असलं लाकूड वापरायचे, आता बरेच जण लोखंडी चौकोनी पाइप लावून त्याला लाकडासारखा तपकिरी रंग देतात. मला त्यात काही वाईट वाटत नाही, उलट वाळवीचा ताप गेला, फक्त लाकूड म्हणून पैसे घेऊ नयेत, लोहचुंबक खिशात ठेवा. खरं लाकूड असेल तर वासा भिंतीत जिथे घुसतो तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा, सडतं ते तिथेच, मधे वासा ठणठणीत आणि टोकाला भुसा. पीओपीची फॉल्स सीलिंग असलेलं जुनं घर मी तरी सीलिंगचा एक तुकडा उघडल्याशिवाय पास करत नाही. वाळवीच्या मातीच्या रेघा दाराच्या चौकटीच्या मागे, देव्हाऱ्याच्या मागे, तिथे शोधा, हॉलमध्ये दिसणार नाहीत, पुसलेल्या असतात. आणि कौलं दरवर्षी मे महिन्यात चाळावी लागतात, म्हणजे काढून, फुटकी बदलून परत नीट बसवावी लागतात, माकडं फोडतात, वाऱ्याने सरकतात, हा खर्च कायमचा धरा.

शिंपल्यांच्या खिडक्या शिल्लक असतील तर त्यांना हात लावून बघा, बऱ्याच ठिकाणी आता प्लास्टिकची शीट कापून बसवतात. खरा शिंपला पातळ असतो, गार लागतो, प्रत्येकाची रेघ वेगळी. जुने तुटले तर नवे सहज मिळत नाहीत.

नवीन काय जोडलंय तेही बघा. साधारणपणे मागच्या बाजूला आरसीसीचे दोन बाथरूम जोडलेले असतात. चिऱ्याची जुनी भिंत आणि नवीन काँक्रीट एकत्र हलत नाहीत, सांध्यावर उभी भेग येणारच, केसाएवढी असेल तर ठीक, नाणं शिरत असेल तर इंजिनिअर बोलवा. शोषखड्डा विहिरीपासून किती लांब आहे ते पावलांनी मोजा, १५ मीटरच्या आत असेल तर मी त्या विहिरीचं पाणी पिणार नाही. विहिरीचं पाणी मे महिन्यात चाखायचं. पावसात सगळ्याच विहिरी गोड असतात, खारटपणा कळतो तो उन्हाळ्यात. वायरिंग, अर्थिंग, ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हे इलेक्ट्रिशियनला घेऊन जाऊन एका तासात होतं, त्यावर जास्त लिहीत नाही.

घर बेटावर कुठे आहे याने फार फरक पडतो. पिएदादच्या चर्चच्या टेकडीच्या बाजूला असेल तर पाण्याची भीती कमी. शेतांच्या कडेला असेल तर ती शेतं म्हणजे खाजन आहे, नदीच्या पातळीलाच असलेली जमीन, बांध घालून आणि मानशीच्या दरवाज्यांनी भरतीचं पाणी अडवून धरलेली. बांध फुटला की खारं पाणी आत. म्हणून अमावास्येला किंवा पौर्णिमेला, उधाणाच्या वेळी, भर भरतीत जाऊन उभे राहा, आणि शेतात काम करणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या बाबांना विचारा की पाणी कुठपर्यंत येतं, एजंटला विचारू नका.

फेरीबोट. रस्त्याने जायला पूल नाही, रायबंदरहून, जुने गोव्याहून आणि पलीकडे नार्व्याहून फेरी. पहिल्या दिवशी मजा वाटते. सिमेंटची गोणी, गॅसचं सिलिंडर, फर्निचर, आजारी माणूस, सगळं त्याच फेरीतून, शिवाय वाट बघणं. शेवटची फेरी किती वाजता ते धक्क्यावर विचारा आणि एक रात्र बेटावर राहून बघा. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरा, म्हणजे इथला झेंड्यांचा उत्सव, असतो तेव्हा अख्खा गोवा इथे येतो, त्या दिवशी घर बघायला जाऊ नका, सगळंच सुंदर दिसतं.

आता कागद. इथे आपल्याकडचे लोक सगळ्यात जास्त फसतात कारण त्यांना वाटतं सातबारा बघितला की झालं. इथे सातबाऱ्यासारखा नमुना एक आणि चौदा असतो, त्यात नाव असणं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. गोव्यात वारसा आणि लग्नातली मिळकत अजून १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडच्या वळणाने चालते, वारसाचा भाग आता २०१२ च्या गोव्याच्या वेगळ्या कायद्यात आलाय. साध्या भाषेत, लग्नात वेगळा करार नसेल तर मिळकत नवरा-बायको दोघांची अर्धी-अर्धी, आणि मुलांचा ठरावीक वाटा आईबापांना मृत्युपत्राने काढून घेता येत नाही. म्हणजे आजोबांच्या नावावरचं घर असेल तर सगळ्या भावा-बहिणींच्या सह्या तर हव्याच, त्यांच्या नवऱ्या-बायकांच्याही हव्यात, आणि त्यातली एक सूनबाई लिस्बनला, एक टोरांटोला. ‘सगळे तयार आहेत’ असं कोणी म्हणालं तर इन्व्हेंटरी प्रोसीडिंग, म्हणजे वारसांमधली कोर्टातली वाटणी, झाली का, त्यात हे घर कोणाच्या वाट्याला आलं, तो कोर्टाचा कागद मागा. तो नसेल तर माझ्या मते टोकनचे पैसे पण देऊ नका.

विकणाऱ्यांपैकी कोणी परदेशात राहत असेल तर टीडीएस नेहमीचा एक टक्का नाही, जास्त दराने कापावा लागतो, आणि तो कापला नाही तर जबाबदारी घेणाऱ्यावर येते. सीएला आधीच विचारा. तुम्ही स्वतः दुबई-अमेरिकेतले एनआरआय असाल तर आणखी एक, घर घेऊ शकता पण शेतजमीन, बागायत, फार्महाऊस घेता येत नाही, आणि जुन्या घराभोवतीची माडांची बाग कागदावर बागायत निघणं अगदी कॉमन आहे. भातशेतीची जमीन सोबत देतो असं कोणी म्हणत असेल तर २०२३ च्या कायद्याने ती बिगर-शेतकऱ्याला विकायला बंधन आहे.

मुंडकार हा शब्द लिहून ठेवा. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत पूर्वीपासून घर करून राहिलेलं कुटुंब म्हणजे मुंडकार, १९७५ च्या कायद्याने त्यांना हुसकावता येत नाही आणि राहतं घर आजूबाजूच्या जागेसकट, पंचायत भागात ३०० चौरस मीटरपर्यंत, विकत घेण्याचा हक्क आहे. परसातल्या त्या छोट्या कौलारू घरात कोण राहतं? ‘आमचे जुने गडी आहेत, जातील’ हे उत्तर ऐकलंत तर तिसवाडीच्या मामलेदाराकडे मुंडकाराची केस आहे का ते वकिलाला बघायला सांगा. आणि खरं सांगू का, ते कुटुंब तिथे तीन पिढ्या आहे, तुम्ही तीन महिन्यांपूर्वी फोटो बघितलात, त्यांना घालवण्याच्या हिशोबाने घर घेऊच नका.

जमीन कोमुनिदादची (गावाच्या सामाईक मालकीची) तर नाही, झोनिंग सेटलमेंटचं, म्हणजे वस्तीचं, आहे का, नदीकाठी असेल तर सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामबंधनाच्या पट्ट्यात, बसतं का, आणि ते मागचे बाथरूम पंचायतीच्या परवानगीने बांधले का, हे चार प्रश्न लेखी विचारा. वकील इथलाच करा, जुने पोर्तुगीज दस्तऐवज वाचून घेणारा. परदेशी गेलेल्या मालकांच्या घरांचे खोटे जुने दस्त करून विकल्याच्या इतक्या केसेस झाल्या की २०२२ मध्ये सरकारला त्यासाठी वेगळी एसआयटी (विशेष तपास पथक) नेमावी लागली, त्यामुळे मूळ दस्ताची सरकारी नक्कल स्वतः काढायची, विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर जायचं नाही, आणि पेपरात पब्लिक नोटीस देऊन थांबायचं.

भाव करताना अजून एक मागणी करून बघा, रकमेचा थोडा भाग एक पावसाळा उलटल्यावर देईन अशी अट. बहुतेक जण हसतात, मग निदान रिनोव्हेशनची बिलं आणि कामाच्या आधीचे फोटो मागा. ते फोटो द्यायला का-कू करणारा माणूस मला तरी आवडत नाही. आणि सौदा झालाच तर चाव्यांबरोबर ते घर आत्तापर्यंत जो माणूस दर मे महिन्यात चाळत आलाय त्याचा फोन नंबर घ्या, कुठल्या कोपऱ्यात गळतं ते त्यालाच माहीत असतं.