मंडळी घाबरलेली असताना पाळकांनी आणि पंचांनी काय करायचं

सगळ्यात आधी मंडळीचा, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांचा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ताब्यात घ्या. ऐकायला आध्यात्मिक वाटत नाही, माहितीये, पण आजकाल भीती येते ती बरीचशी तिथूनच, साथीची बातमी असो, कुठल्यातरी गावात प्रार्थनासभा बंद पाडल्याचा व्हिडिओ असो (कधीचा, कुठला, कोणालाच माहीत नसतं) नाहीतर शेवटचा काळ आला म्हणून तारखेसकट फिरणारा फॉरवर्ड, रात्री उशिरा कोणीतरी टाकतं आणि सकाळपर्यंत अर्ध्या मंडळीची झोप गेलेली. तर बातमी टाकायची ती पाळक आणि एक-दोन पंचांनीच (मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांनी), तीही खात्री करून, आणि खात्री नसेल तर "अजून कळलं नाही, संध्याकाळी सांगतो" एवढंच टाका आणि संध्याकाळी खरंच सांगा. प्रार्थनेच्या विनंत्याही आधी एकाच माणसाकडे जाऊ द्या. कोणाचं आजारपण, कोणाची नोकरी गेली, हे त्या घराला विचारल्याशिवाय ग्रुपवर नको, दुसऱ्यासाठी प्रार्थना करायच्या नावाखाली चकाट्या फार चालतात आपल्याकडे.

मग घरभेटी. माझ्या मते खरं काम इथेच होतं, उपदेशात नाही. घरात गेल्या गेल्या बायबल उघडू नका, चहा आला तर घ्या, "कसं चाललंय?" विचारा आणि गप्प बसा, समोरचा थांबला तरी लगेच मध्ये तोंड घालायचं नाही. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री नुसते त्याच्याजवळ जमिनीवर बसून होते तोवर सगळं ठीक होतं, बिघडलं ते बोलायला लागल्यावर. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा (१ राजे १९) देवदूताने त्याला भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून खायला दिलं, होरेब डोंगरावर देव त्याच्याशी बोलला ते त्यानंतर. म्हणून घरात किराणा आहे का, पोरांची फी भरली का हेही बघा, आणि मदत करायची तर पाकीट हातात द्या, उपासनेत नावं वाचून नाही.

वचनं सांभाळून वापरा. "चिंताक्रांत होऊ नका" हे प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला कैदेतून लिहिलंय, आपण जगू की मरू हे माहीत नसताना. हे काहीच न सांगता नुसतं तेवढं वाक्य एखाद्या घाबरलेल्या बाईला ऐकवलं की तिला वाटतं आपलाच विश्वास कमी पडला, आणि पुढच्या वेळी ती तुम्हाला काही सांगतच नाही. त्यापेक्षा स्तोत्र १३ वाचा, तिथे दावीद सरळ देवाला विचारतो की कुठवर विसरणार आहेस मला. किंवा ८८, जे शेवटपर्यंत अंधारातच राहतं, एकही गोड ओळ नाही. हे पण पवित्र शास्त्रच आहे ना, मग उपासनेत का वाचत नाही आपण? आणि प्रार्थनेला शब्दच सुचत नसतील तर ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं एखादं भजन म्हणा, घरातल्या म्हाताऱ्यांना पाठ असतं, ते आपोआप सुरात येतात. प्रार्थना छोटी ठेवा, आजारी माणसापुढे अर्धा तास नको.

आता औषधाचं. "विश्वास ठेवा, गोळ्या बंद करा" असं कोणी बाहेरून येऊन सांगत असेल तर पंचांनी तिथल्या तिथे थांबवायचं, भीड ठेवायची नाही. १५२७ मध्ये जर्मनीत विटेनबर्गला प्लेग आला तेव्हा धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर स्वतः गाव सोडून गेला नाही, ब्रेस्लाऊ शहरातल्या पाळकांनी "साथीत पळून जावं का" असं विचारलं होतं, त्यांना त्याने लिहिलं की ज्यांच्यावर लोकांची जबाबदारी आहे त्यांनी राहावं, पण औषध घ्या, घरात धुरी द्या, गरज नसेल तिथे जाऊ नका, औषध न घेणं म्हणजे देवाची परीक्षा पाहणं. पाचशे वर्षं होत आली, तरी हा वाद आपल्याकडे अजून निघतोच.

कोणी "जगण्यात अर्थ नाही" असं बोलला तर विषय बदलू नका, सरळ विचारा की जीव द्यायचा विचार येतो का, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्या एका माणसाला सांगायचं, डॉक्टरकडे न्यायचं. सरकारची मानसिक आरोग्याची टेलीमानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. जिवाचा धोका असेल तिथे "कोणाला सांगणार नाही" असा शब्द देऊ नका, आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचाराचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, पाळकांनाही, तिथे मंडळीची अब्रू वगैरे काही नाही.

हे सगळं एकट्या पाळकांनी करायचं ठरवलं तर दोन महिन्यांत तेच आजारी पडतील. मोशेला सासऱ्याने, इथ्रोने, हेच सांगितलं होतं, एकटा सगळं करू नकोस, लोकांची जबाबदारी इतरांना वाटून दे. घरांची यादी काढा, एकेका पंचाकडे आठ-दहा घरं द्या, महिला मंडळाला त्यात धरा, कारण बायका पुष्कळ गोष्टी पाळकांना सांगणार नाहीत. आठवड्यातून एक दिवस, समजा सोमवार, पाळकसाहेबांचा फोन एका पंचाकडे राहील हे रविवारी जाहीर करून टाका, आणि त्या दिवशी त्यांना उठवायचं ते मयत असेल किंवा कोणाच्या जिवावर बेतलं असेल तरच, अर्पणाचा हिशोब मंगळवारी.