चोपडा ते फैजपूर पायी: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

संध्याकाळचे साडेचार वाजले की चालणं थांबवायचं आणि झोपायची जागा मागायची. पाच दिवसांच्या वाटेत आम्ही हा एकच नियम कडक पाळला, तोही दुसऱ्या दिवसापासून. पहिल्या दिवशी का पाळला नाही आणि त्याचं काय झालं, ते पुढे सांगते.

आम्ही चौघी अमळनेरला एका वर्गात होतो. आता तिशी ओलांडली आहे. मी जळगावात मेडिकल चालवते, एक नर्स आहे, एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि चौथी नाशिकला नोकरी करते. कुणीही याआधी सलग दोन दिवस पायी चाललेलं नव्हतं. घरच्यांना समजावताना मनुदेवीने मोठी मदत केली. माझ्या माहेरची ती कुलदेवता. "देवीला पायी जातोय" म्हटल्यावर आईने विरोध सोडला आणि बट्टीचं पीठ दळून द्यायला बसली.

वाट निवडताना एक गोष्ट आधी बघा: मध्येच कुणाचे पाय गेले तर बाहेर कसं पडणार? म्हणून मी पहिल्यांदा निघणाऱ्यांना जळगाव जिल्ह्यातली, सातपुड्याच्या पायथ्याची ही वाट सांगते. चोपड्याहून अडावद, तिथून उत्तरेला उनपदेव, मग पायथ्याच्या गावागावांतून आडगाव, मनुदेवी, यावल, आणि शेवट फैजपूर. डाव्या हाताला डोंगर असतो. उजव्या हाताला थोड्या अंतरावर अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता सोबत चालत असतो, आणि त्यावर एसटी असते. आमच्या मोबाईलने आडवाटा धरून ऐंशीच्या आसपास किलोमीटर दाखवले. पहिल्या दिवशी बारा, मग पंधरा-सोळा, एवढंच ठेवा. पाठीवर ओझं घेऊन शिवाररस्त्याने तासाला तीन किलोमीटर झाले तरी चांगलं चाललात असं समजा.

दिवस निवडा डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारी. खान्देशातला उन्हाळा चालण्याचा नाही, आणि पावसाळ्यात इथली काळी माती बुटाला किलोकिलोने चिकटते. थंडी मात्र हलक्यात घेऊ नका. रात्री पारा दहाच्या खाली जातो आणि पाणी भरलेल्या शेताजवळ गारठा आणखी झोंबतो. उबदार कपड्यांत एक कानटोपी आणि झोपताना घालायचे कोरडे मोजे वेगळे ठेवायचे. ते मोजे दिवसा कितीही मोह झाला तरी वापरायचे नाहीत.

सामानाचं थोडक्यात सांगते. बॅग भरून झाली की किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. पाण्यासकट आठ किलोच्या वर गेली तर काहीतरी काढा. दोघींत एक तंबू, प्रत्येकीला फोमची चटई आणि स्लीपिंग बॅग, डोक्याला बांधायची बॅटरी, एक खुरपं. बूट नवे नकोत, महिनाभर रोज घालून फिरलेले हवेत. पायाला फोड येण्याआधी ती जागा गरम लागते. तेव्हाच, त्या मिनिटाला थांबून पट्टी लावायची. "पुढच्या गावात बघू" म्हटलं की फोड आलाच. माझ्या दुकानात लोक फोड आल्यावर मलम मागायला येतात. खरं तर दहा-वीस रुपयांची कागदी चिकटपट्टी आधी लावली असती तर मलमाची गरजच पडली नसती.

आता पहिल्या रात्रीचं. अडावदच्या अलीकडे अंधार पडला. एका गव्हाच्या शेताच्या खालच्या अंगाला सपाट पडीक तुकडा दिसला. आसपास कुणी नव्हतं. विचारायचं कुणाला, सकाळी लवकर उठून जाऊ, असं म्हणत आम्ही तंबू लावले. दीड वाजता मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. शेतीची थ्री फेज लाईट कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की शेतकरी मध्यरात्री उठून पाणी भरतो. हे आम्ही लहानपणापासून घरात ऐकलेलं, पण तंबू लावताना एकीच्याही डोक्यात आलं नाही. अर्ध्या तासाने चटईखाली गार लागलं. हात लावला तर चिखल. दांड, म्हणजे शेतात पाणी नेणारी मातीची चारी, फुटून पाणी उताराने थेट आमच्याकडे आलं होतं. आम्ही बॅटऱ्या लावून सामान उचलतोय तेवढ्यात बांधावरून आवाज आला, "कोन शे तठे?" हातात फावडं घेतलेले साठीतले आबा. आम्ही जितक्या घाबरलो त्याहून जास्त तेच घाबरले होते. रात्री शेतात चार उजेड हलताना बघून दुसरं काय वाटणार? ओळख पटल्यावर ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरीस्वन, इचारनं व्हतं ना." मग स्वतःच आमचा भिजलेला तंबू उचलून खळ्यावर घेऊन गेले.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, की आपल्याकडे मोकळी दिसणारी जागा कुणाची तरी असते आणि तिथे रात्री काहीतरी काम चालू असतं. विचारल्याने नुसता मान राखला जात नाही, माहितीही मिळते. आज लाईट कधीची, पाणी कुठून जाणार, रानडुकरांसाठी तार कुठे लावली आहे. ही तार नीट समजून घ्या. काही जण झटका मशीन लावतात, पण कुठे कुठे बेकायदेशीरपणे तारेत थेट करंट सोडलेला असतो आणि त्याने माणसं मेली आहेत. म्हणून अंधारात शेतातून चालायचं नाही, कितीही जवळची वाट दिसली तरी.

विचारायचं कसं? गावात शिरल्यावर पारावर किंवा डेअरीवर थांबा. आपण कोण, कुठल्या, कुठे चाललो हे आधी सांगा. मग "आबा, आजची रात खळ्यावर तंबू टाकला तर चालेल का? सकाळी सातला निघतो" असं स्पष्ट विचारा. सकाळी निघायची वेळ सांगितली की समोरचा निश्चिंत होतो. पोलीस पाटलांना नावं आणि एक मोबाईल नंबर देऊन ठेवा. बायकाच असाल तर घरातल्या बाईशी आधी बोला. दुसऱ्या दिवशी एका मावशींना आमचा तंबू बघवेना. "आठे काब्र जपतस? घरमा चला ना!" (इथे का झोपता? घरात चला ना!) असं त्या तीनदा येऊन म्हणाल्या. आम्हाला उघड्यावरच झोपायचं आहे हे त्यांना पटलं नाही, पण त्यांनी खळ्याच्या कोपऱ्यातला दिवा रात्रभर चालू ठेवला. यावलकडे सरकलात की अहिराणी मागे पडून लेवा बोली कानावर यायला लागते. तिथे "भो" म्हणून हाक आली तर आपलेपणा समजा.

खळं मिळालं तर दुसरं काही शोधू नका. जमीन चोपून घट्ट असते, झाडलेली असते, माणसं हाकेच्या अंतरावर असतात. केळीच्या बागेत तंबू कधीच लावू नका. बाहेरून ती गार, शांत आणि सुंदर दिसते. पण खाली वाळलेल्या पानांचा थर असतो, त्यात विंचू-साप असतात, आणि या पट्ट्यात बिबट्याही केळीच्या बागेत बसतो. शिवाय केळीचा चीक कपड्याला लागला की तो डाग कशानेही जात नाही. नदी-नाल्याच्या वाळूतही नको. गिरणेसारख्या नदीत वर धरणातून आवर्तन सुटलं की कोरड्या पात्रात पाणी येतं, आणि ते कुणाला उठवून येत नाही. डोंगराच्या अंगाला यावल अभयारण्य आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय आत मुक्काम करता येत नाही, आणि करूही नये. आमच्या चारही रात्री गावाच्या शिवारातच गेल्या.

पाण्याबद्दल एक गोष्ट शहरातून आलेल्यांना ठाऊक नसते. शेतातल्या ठिबकच्या नळीतून टपटपणारं पाणी स्वच्छ दिसतं, पण त्याच नळ्यांतून विद्राव्य खतं आणि कधी नळ्या साफ करायला आम्लही सोडतात. ते प्यायचं नाही, चूळही भरायची नाही. बोअरच्या तोंडाशी, फिल्टर आणि व्हेंच्युरीच्या (पाण्यात खत ओढून मिसळणाऱ्या नळीच्या) आधी पाणी मिळतं, तेही विचारून घ्या. हौदातलं पाणी हात-पाय धुवायला. आम्ही प्यायचं पाणी गावात भरून घेत होतो, माणशी तीन लिटर, आणि त्यात क्लोरीनच्या गोळ्या टाकत होतो.

जेवणाचा त्रास करून घेऊ नका. सकाळी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. दुपारी वाटेतल्या गावात शेवभाजी-भाकरी मिळते. रात्री एक दिवस तरी बट्टी करा. जाडसर दळलेलं गव्हाचं पीठ, थोडं मक्याचं, ओवा, हळद, मीठ घरूनच एकत्र करून न्या. तिथे तेलाचं मोहन घालून घट्ट मळायचं, मुठीएवढे गोळे करायचे. गोवऱ्या पेटवून निखारे झाले की त्यात ठेवून फिरवत राहायचं. पाऊण तास लागतो. बोटाने दाबल्यावर तडा गेला की झाली. मावशींकडून वरण आलं, वर तूप आलं, आणि घरातली लहान मुलंही आमच्याबरोबर जेवायला बसली. विस्तव खळ्यावरच, घरच्यांना विचारून, आणि झोपण्याआधी पाणी ओतून हाताने चाचपून विझवायचा. वाळलेल्या केळीच्या पानांच्या शेजारी एक ठिणगीही पुरे होते.

उनपदेवला तासभर राखून ठेवा. गोमुखातून येणाऱ्या गरम पाण्याखाली दुसऱ्या दिवसाचे पाय धरले की पिंढऱ्या सुटतात. त्यानंतर पाय पूर्ण कोरडे केल्याशिवाय बूट घालायचे नाहीत, मऊ पडलेल्या कातडीला लगेच फोड येतात. मनुदेवीला आडगावाहून डोंगराच्या कुशीत जावं लागतं. तिथे सकाळी जा, दुपारपर्यंत परत फिरा, संध्याकाळ त्या घळीत काढू नका.

शौचाला शक्यतो घरी विचारा, आता बहुतेक घरी सोय असते. नसेल तेव्हा खुरप्याने वीतभर खोल खड्डा, विहीर आणि पाटापासून साठ-सत्तर पावलं लांब, आणि वर माती. पॅड आणि प्लास्टिक कागदात बांधून सोबत न्यायचं. पाळीची तारीख जवळ असेल तर एकमेकींना आधीच सांगून ठेवा, त्या दिवशीचं अंतर कमी करता येतं. सकाळी बूट झटकूनच घाला. साप चावला तर कापणं, बांधणं, मांत्रिक काही नाही. हालचाल बंद, १०८ ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना.

चौथ्या दिवशी दुपारी आमच्यातल्या शिक्षिकेचा गुडघा सुजला. ती चालतच राहणार म्हणत होती. नर्स मैत्रिणीने ऐकलं नाही. तिला रस्त्यावर नेऊन यावलच्या एसटीत बसवलं, आणि संध्याकाळी ती आमच्या आधी मुक्कामी पोचून जागा मागून बसली होती. कोण कधी थांबणार हे निघायच्या आधी ठरवा, आणि थांबणाऱ्याला एकटं पाठवू नका. आमची चूक तीच झाली. एकीने तिच्यासोबत जायला हवं होतं.

शेवटच्या दिवशी यावलहून बामणोदकडून वळसा घ्या. भरिताची वांगी तिथलीच. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरित, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, सोबत कांद्याची पात. तिथून फैजपूर. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथलं, जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, आणि नगराची सजावट नंदलाल बोस यांनी केली होती. त्याच थंडीत लोक इथे उघड्यावर, मांडवांत राहिले. आम्ही पोचलो तेव्हा साडेचार वाजत होते आणि आमच्या चौघींचीही नजर सवयीने खळं शोधत होती.

घरी आल्यावर त्याच दिवशी तंबू गच्चीवर पसरून वाळवा, खुंट्यांची माती धुऊन काढा. आणि ज्यांच्या खळ्यावर झोपलात त्यांना पोचल्याचा फोन करा. पहिल्या रात्रीच्या त्या आबांना मी फोन केला, तर ते म्हणाले की आता लाईट दिवसाची झाली आहे, कधीही या.