व्हीपीएस निवडताना गर्दीच्या तासाचा हिशेब धरा

पुण्यातल्या एखाद्या ट्रेकिंग क्लबची वेबसाइट डोळ्यांसमोर आणा. एरवी दिवसभरात शे-दीडशे माणसं येतात, फोटो बघतात, वाटांची माहिती वाचतात. पावसाळा लागला की एखाद्या रात्री राजगड-तोरण्याची नावनोंदणी खुली होते आणि अर्ध्या तासात सगळे एकदम आत शिरतात. शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकच सर्व्हर अनेक साइट वाटून वापरतात तिथे, नेमकी तेव्हाच ताण न पेलल्याची ५०८ किंवा ५०३ क्रमांकाची एरर झळकायला लागते. असं वारंवार होत असेल, तर व्हीपीएस घेण्याची वेळ आली आहे.

एका मोठ्या सर्व्हरचे आभासी भाग पाडून विकतात, त्यातला एक भाग म्हणजे व्हीपीएस (व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर). त्यावर कोणतं सॉफ्टवेअर टाकायचं, किती मेमरी कशाला द्यायची, हे तुम्ही ठरवता. कंपन्यांचे तक्ते उघडण्याआधी मात्र स्वतःची गरज मोजा.

१. सर्वांत गर्दीचा तास शोधा

सध्याच्या होस्टिंगच्या पॅनेलमध्ये अ‍ॅक्सेस लॉग (साइटकडे आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंद) मिळतो. तो उतरवून घ्या आणि कोणत्या तासात सर्वाधिक विनंत्या आल्या ते पाहा. महिन्याची सरासरी इथे उपयोगाची नाही.

आता मेमरीचं गणित. साइट पीएचपी (पानं तयार करणारी भाषा) आणि मायएसक्यूएल या डेटाबेसवर चालते असं धरू. पीएचपीची एक प्रोसेस (एका वेळी एक पान तयार करणारं काम) साधारण ५० एमबी खाते. प्लगइन जास्त असतील तर आणखी. २ जीबीच्या व्हीपीएसमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमला ४०० एमबी आणि डेटाबेसला ६०० एमबी सोडले, तर उरलेल्या १ जीबीत अशा २० प्रोसेस बसतात. त्याहून जास्त चालू दिल्या तर मशीन डिस्कला मेमरीसारखं वापरायला लागतं आणि सगळंच रखडतं.

मेमरी पुरली तरी कोअर (सीपीयूचे प्रत्यक्ष काम करणारे भाग) पुरतील असं नाही. एक पान तयार करायला सीपीयूचा ०.२ सेकंद लागत असेल, तर २ कोअर सेकंदाला १० पानंच देऊ शकतात, प्रोसेस कितीही असोत. म्हणून लॉगिन न केलेल्या पाहुण्यांना तयार पान कॅशेमधून, म्हणजे आधी बनवून ठेवलेल्या साठ्यातून, द्या, त्याला सीपीयू जवळजवळ लागतच नाही. कॅशे नीट लावल्याशिवाय मोठा प्लॅन घेऊ नका, असं मी आग्रहाने सांगेन. अनेकदा तिथेच प्रश्न सुटतो.

२. कोअर खरंच तुमचे आहेत का, ते पाहा

तक्त्यात ४ कोअर लिहिलेले असतात, पण ते बहुतेक वेळा शेजाऱ्यांबरोबर वाटून घेतलेले असतात. केव्हीएम पद्धतीचं व्हीपीएस घ्या. त्यात तुमचा स्वतःचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, असतो. ओपनव्हीझेडसारख्या कंटेनर पद्धतीत कर्नल सामायिक असतो, त्यामुळे काही गोष्टी हव्या तशा बदलता येत नाहीत.

तासावर भाडं घेणारी कंपनी असेल तर एक दिवसासाठी मशीन घेऊन तपासा. रात्री ९ नंतर, इतरांचीही वर्दळ असते तेव्हा, ‘टॉप’ कमांड चालवा आणि ‘एसटी’ हा आकडा बघा. तुमच्या मशीनला सीपीयू हवा होता पण तो दुसऱ्या कुणाला दिला गेला, त्या वेळेचं हे प्रमाण. तो शून्याच्या आसपास हवा. सतत ५-१० टक्के दिसला तर दुसरी कंपनी बघा.

३. सर्व्हर जवळचा घ्या

फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान १२५ मिलिसेकंद. केबल वळसे घेत जातात, त्यामुळे प्रत्यक्षात २०० च्या आसपास. सुरक्षित जोडणी होऊन पहिलं अक्षर दिसेपर्यंत अशा तीन फेऱ्या तरी होतात. वाचक पुणे-मुंबई-नाशिकचे असतील तर हा उशीर कशाला सोसायचा? अ‍ॅमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ पासून आहे, मायक्रोसॉफ्ट अझ्युरचं ‘सेंट्रल इंडिया’ तर पुण्यातच आहे, आणि छोट्या कंपन्याही मुंबई-बंगळुरूत जागा देतात.

डिस्क एनव्हीएमई (एसएसडीचाच जास्त वेगवान प्रकार) असली तर उत्तम, साध्या एसएसडीवरही काम भागतं. मात्र प्लॅन वाढवताना जपून: मेमरी पुन्हा कमी करता येते, एकदा वाढवलेली डिस्क बहुतेक ठिकाणी कमी करता येत नाही.

४. बिल आणि नाव

दरावर १८ टक्के जीएसटी धरा. पहिल्या वर्षाची सवलत न बघता नूतनीकरणाचा दर बघा. कंपनी परदेशी असेल तर डॉलरचा भाव आणि कार्डाचं शुल्क आलंच. शिवाय १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डातून आपोआप पैसे कापायला आधी ई-मँडेट, म्हणजे तशी ऑनलाइन परवानगी, नोंदवावं लागतं. ते झालेलं नसेल तर पैसे जात नाहीत आणि सर्व्हर बंद पडू शकतो. आगाऊ रक्कम भरून ठेवण्याची सोय असेल तर ती घ्या.

सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांमुळे व्हीपीएस कंपन्यांना ग्राहकाची माहिती पडताळून पाच वर्षं ठेवावी लागते, म्हणून ओळखपत्र मागतात. खातं संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर काढा. एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या खासगी ईमेलवर काढलं आणि तो उद्या नोकरीसाठी परदेशी गेला, तर पासवर्डसाठी धावाधाव होते.

याच टप्प्यावर प्रामाणिकपणे ठरवा की दर आठवड्याला अपडेट कोण करणार. तुमच्यात लिनक्स येणारं कुणी नसेल तर मॅनेज्ड सेवेचे (देखभाल कंपनीच करते) जास्तीचे पैसे द्या. स्वस्तातलं पण कुणी न बघितलेलं मशीन लवकर हॅक होतं.

५. बॅकअप दुसऱ्या गावात ठेवा

१० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत आगीत खाक झाली. ज्यांचा बॅकअपही तिथेच होता, त्यांचं दोन्ही गेलं. कंपनीचा स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची पूर्ण प्रत) जरूर घ्या, पण डेटाबेस आणि फोटोंची रोजची प्रत वेगळ्या कंपनीकडे, वेगळ्या शहरात जाऊ द्या. महिन्यातून एकदा ती प्रत उघडून साइट उभी राहते का ते बघा.

ईमेलचंही विचारून घ्या. अनेक कंपन्या ईमेल पाठवण्याचं २५ क्रमांकाचं पोर्ट बंद ठेवतात, त्यामुळे नोंदणीची पोच जातच नाही. त्यासाठी वेगळी मेल सेवा जोडावी लागते.

६. स्थलांतर

मराठी मजकुराची एक खास काळजी घ्या. डेटाबेसची प्रत काढताना आणि भरताना दोन्हीकडे ‘यूटीएफ८एमबी४’ कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवण्याची पद्धत) असू द्या, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. मायएसक्यूएलच्या जुन्या ‘यूटीएफ८’मध्ये एका अक्षराला तीनच बाइट मिळतात; मराठी मावते, पण चार बाइटच्या इमोजी अडतात.

साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता डीएनएस सांगतं, आणि तो पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत म्हणजे टीटीएल. बदलाच्या एक-दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल ३०० सेकंदांवर आणा. मंगळवार-बुधवारची पहाट निवडा आणि नवीन नोंदी थोडा वेळ थांबवून शेवटची प्रत हलवा. जुनं होस्टिंग लगेच बंद करू नका. काही मोबाइल नेटवर्क जुना पत्ता बराच काळ धरून ठेवतात, म्हणून ते दोन आठवडे तरी चालू असू द्या.